मापं जुळतात, तरी गाडी खेळण्यातली का दिसते?

तक्रार ठरलेली असते. प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून मॉडेल गाडी बनवायचं चांगल्या कंपनीचं किट, बऱ्यापैकी पैसे मोजून पुण्या-मुंबईहून मागवलेलं. घासून घासून बोटांची सालटी निघालेली. रंग एकसारखा बसलेला, कुठं ओघळ नाही. वाळूजला कारखान्यात असलेल्या मित्राकडून व्हर्नियर आणून मोजलं, तर लांबी बरोबर, रुंदी बरोबर. आणि तरीही शोकेसमध्ये ठेवून चार पावलं मागं आलं की गाडी जत्रेतल्या खेळण्यासारखी दिसते. मग निकाल लागतो: किटच चुकीचं आहे, या कंपनीला आकार जमतच नाही. दुसऱ्या कंपनीचं किट येतं आणि तेही तसंच दिसतं.

अडचण अशी, की व्हर्नियरनं आपण जे मोजतो ते डोळा बघतच नाही. फोक्सवॅगन बीटलचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर, २४०० मिलिमीटर. १/२४ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या चोविसाव्या भागाच्या मापात, ते नेमकं १०० मिलिमीटर यायला हवं. समजा तुमच्या मॉडेलमध्ये ते ९९ निघालं. हा १ मिलिमीटर कुणालाही दिसणार नाही. पण गाडीचं पोट जमिनीपासून ७ मिलिमीटरवर असायला हवं होतं आणि ते ८ वर आहे, तर शेजारच्या पोरालाही काहीतरी बिघडलंय हे कळतं. काय बिघडलंय ते त्याला सांगता येत नाही, एवढंच. शंभरात एक कमी झाला तर चालून जातो, सातात एक वाढला की खुपतो.

त्यामुळं शोध घ्यायचा तो लहान अंतरांचा: टायर आणि मडगार्डमधली फट, जमिनीपासूनची उंची, दाराभोवतीची रेघ, काचेची कड. खाली दिलेला क्रम मी मुद्दाम असा ठेवलाय, की ज्याला पैसा लागत नाही ते आधी आणि ज्यात कापाकापी आहे ते शेवटी.

आधी डोळा खाली आणा

खुर्चीत बसून टेबलावरचं मॉडेल पाहतो तेव्हा आपला डोळा टेबलापासून साधारण ४० सेंटिमीटर वर असतो. त्याला २४ नं गुणा: ९ मीटर ६० सेंटिमीटर. म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभं राहून खाली लावलेली गाडी पाहणं. तिथून कोणतीही गाडी छप्पर आणि बॉनेटचीच दिसते, चाकं जवळजवळ गायब. रस्त्यात उभ्या माणसाचा डोळा १६० सेंटिमीटरवर धरला तर मॉडेलच्या जगात तो टेबलापासून पावणेसात सेंटिमीटरवर येतो. हनुवटी टेबलाला टेकवा आणि एक डोळा मिटून बघा. पुष्कळ गाड्या इथंच सुधारतात.

फोटोचंही तेच गणित आहे. मोबाइल मॉडेलपासून १० सेंटिमीटरवर धरून काढलेला फोटो म्हणजे खऱ्या गाडीचा २ मीटर ४० सेंटिमीटरवरून काढलेला फोटो. एवढ्या जवळून खऱ्या गाडीचंही नाक फुगतं आणि मागचा भाग आक्रसतो. तुलनेसाठी जो फोटो तुम्ही समोर ठेवलाय तो बहुधा कुणीतरी लांबून, १० मीटरवरून वगैरे काढलेला असतो. १० मीटरचे १/२४ मध्ये ४२ सेंटिमीटर होतात. मोबाइल तेवढा मागं न्या, दुप्पट-तिप्पट झूम करा, लेन्स टेबलाच्या जवळ आणा आणि मग दोन फोटो शेजारी ठेवा. त्याआधी आकाराबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

समोर ठेवलेला फोटो नेमक्या त्याच सालाचा आहे ना, हेही पाहून घ्यावं. बीटलच्या काचा १९६५ च्या मॉडेलपासून मोठ्या झाल्या. त्याआधीच्या गाडीचा फोटो आणि तामिया या जपानी कंपनीचं १९६६ ची बीटल दाखवणारं किट शेजारी ठेवून “खिडक्या चुकल्यात” म्हणणारे भेटतात.

चाकं

एवढं करूनही गाडी पटत नसेल तर चाकांकडे वळा. दहातली बरीचशी दुखणी इथंच असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली परीक्षा काचेवर. खिडकीच्या काचेचा एखादा तुकडा किंवा जुना आरसा घ्या, त्यावर गाडी ठेवा आणि चारही चाकांखाली कागदाची पट्टी सरकवून पाहा. तीन चाकांखाली कागद अडकतो आणि चौथ्याखालून सरळ निघून जातो, ही सर्रास दिसणारी गोष्ट आहे. खरी गाडी टनाच्या आसपास वजनाची असते, ती तीन चाकांवर उभी राहत नाही. डोळ्याला हे आपोआप माहीत असतं. कारण बहुतेक वेळा पीळ पडलेली चॅसिस. पार्सल एप्रिल-मेमध्ये आलं असेल, कुरिअरच्या बंद टेम्पोत दुपारभर तापलं असेल, तर पातळ लांबट भागांना पीळ पडायला वेळ लागत नाही. पॉलिस्टायरीन साधारण १०० अंशांच्या आसपास पूर्ण मऊ होतं, पण दाबाखाली असलेला भाग त्याच्या बऱ्याच आधी वाकतो. उपाय: रंग देण्याआधीच चॅसिस गरम पाण्यात धरा. पाणी उकळतं नको. तळाला बुडबुडे धरायला लागले की गॅस बंद करा. मिनिटभरानं काढून काचेवर सपाट दाबा आणि तसंच दाबून गार पाण्यात न्या. बॉडीवर हा प्रयोग करू नका. तिथं छपराचे खांब वाकले की पुढची काच कधीच बसत नाही.

पीळ अगदी थोडा असेल तर गरम पाण्याच्या भानगडीत न पडता, जे चाक सगळ्यांत जास्त खाली येतंय त्याच्या ॲक्सलचं भोक किंचित वर सरकवा. जुनं भोक स्प्रूच्या, म्हणजे सुटे भाग ज्या प्लॅस्टिकच्या फ्रेमला जोडून येतात तिच्या, तुकड्यानं बुजवायचं, वाळलं की नवं पाडायचं. हातातला पिन ड्रिल पुरतो.

दुसरी परीक्षा उंचीची. खऱ्या गाडीचा अगदी बाजूनं काढलेला फोटो घ्या. त्यात टायरचा वरचा भाग मडगार्डच्या कमानीच्या किती आत गेलाय किंवा किती खाली राहिलाय ते पाहा. हे मिलिमीटरमध्ये नको, टायरच्या उंचीच्या तुलनेत पाहा, म्हणजे फोटो कितीही मोठा असला तरी चालतं. मॉडेलमध्ये तीच फट दुप्पट दिसली तर रोग सापडला. अनेक जुन्या जपानी किटांत हे हमखास असतं आणि त्याला कारण आहे. १९७० च्या दशकातली कितीतरी किटं मोटर आणि सेल बसवून पळवण्यासाठी बनवलेली होती. फरशीवर पळायचं तर पोट उंच हवं, चाकांना मोकळं फिरता यायला हवं, इंजिनाच्या जागी मोटर हवी. नंतर मोटर काढून टाकली, डब्यावरचं चित्र बदललं, साचा मात्र तोच राहिला. अशा किटची चाकं १ ते दीड मिलिमीटर वर घेतली, म्हणजे खऱ्या मापात २४ ते ३६ मिलिमीटर, की गाडी बदलून जाते.

इथं एक सावधगिरी. सगळ्याच गाड्या खाली बसलेल्या बऱ्या दिसतात असं मानून जो तो ॲक्सल चढवत सुटतो. जीप, जिप्सी, ॲम्बेसडर या गाड्या मोकळ्या असताना चांगल्या उंच उभ्या राहतात. आपल्याकडच्या काळीपिवळीची खरी उंची तर स्टँडवर एक आणि माणसं कोंबून गावाकडं निघाल्यावर दुसरी. काळीपिवळी बनवणार असाल तर आधी ठरवा, भरलेली दाखवायची की रिकामी; मागचं ॲक्सल त्याप्रमाणं बसवा. कोणतंही किट हे सांगत नाही.

तिसरी परीक्षा टायरच्या व्यासाची, आणि यात कसलंही गुपित नाही, कारण उत्तर खऱ्या टायरवर छापलेलं असतं. मारुती ८०० च्या टायरवर १४५/७० आर १२ असं लिहिलेलं असायचं. रिम १२ इंच, म्हणजे ३०५ मिलिमीटर. टायरची भिंत १४५ च्या ७० टक्के, म्हणजे १०१.५, वर एक आणि खाली एक, झाले २०३. बेरीज ५०८. भागिले २४, म्हणजे मॉडेलचं टायर २१ मिलिमीटरच्या किंचित वर. आताच्या सेदानला लागणारं २०५/५५ आर १६ याच हिशोबानं ६३२ मिलिमीटर भरतं, १/२४ मध्ये २६.३. डब्यातलं टायर मोजा. अर्ध्या मिलिमीटरचा फरक असेल तर सोडून द्या. २ मिलिमीटरचा असेल तर दुसऱ्या किटमधलं टायर शोधा, पण ते १/२५ च्या किटमधलं नाही ना हे बघून घ्या. १/२४ आणि १/२५ मध्ये चार टक्क्यांचा फरक असतो आणि टायरवर तो १ मिलिमीटर होतो.

ही दोन मापं शेजारी शेजारी कशी आली, हाही प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. १/२४ म्हणजे एका फुटाला अर्धा इंच, फूटपट्टीवाल्यांचं सोयीचं माप. १/२५ अमेरिकेतून आलं. तिथं विक्रेत्यांना वाटायला नव्या गाड्यांची छोटी मॉडेलं त्या मापात निघायची, आणि १९४८ मध्ये सुरू झालेली एएमटी ही कंपनी त्याच कामातून किटांकडे आली. १/४३ तर खेळण्यातल्या आगगाडीचं माप आहे, फुटाला ७ मिलिमीटर. तेव्हा दोन मॉडेलं शेजारी ठेवून एक लहान का दिसतंय असं वाटलं तर आधी डब्यावरचा आकडा वाचावा.

राहिली चाकांची रुंदी. गाडी बरोबर मागून पाहा. खऱ्या गाडीचं टायर मडगार्डच्या कडेपासून किती आत आहे? मॉडेलमध्ये ते फार आत गेलेलं असेल तर गाडी चिंचोळ्या पायांची दिसते. अर्ध्या मिलिमीटरच्या प्लॅस्टिक शीटची चकती कापून रिमच्या मागं घाला, खऱ्या मापात टायर १२ मिलिमीटर बाहेर आलं असं समजा. आणि टायरची चमक घालवा. साच्यातून आलेलं टायर काळं कुळकुळीत असतं आणि त्याच्या मधोमध जोडाची रेघ असते. ४०० नंबरचा वॉटर पेपर टायरच्या घेरावर फिरवला की रेघ जाते आणि रस्त्यावर चाललेल्या रबराचा मळकट करडेपणा येतो. जमिनीला टेकणारी जागा थोडीशी सपाट घासली तर गाडीला वजन येतं. अगदी थोडीशी, नाहीतर पंक्चर.

जाडी

चाकं बसली, उंची बसली, तरी गाडी प्लॅस्टिकची वाटते. आता जाडीचा प्रश्न.

किटच्या बॉडीची भिंत सव्वा-दीड मिलिमीटर जाड असते. खऱ्या मापात ३०-३६ मिलिमीटर. खरा पत्रा १ मिलिमीटरसुद्धा नसतो. सगळी बॉडी पातळ करणं शक्य नाही आणि गरजही नाही. डोळ्याला जाडी दिसते ती फक्त कडांना. मडगार्डच्या कमानीची कड आतल्या बाजूनं घासून पातळ करा, बाहेरच्या रेषेला हात न लावता. पेनाला वॉटर पेपर गुंडाळला तरी चालतं. माझ्या मते साऱ्या खटाटोपात एवढ्या कमी कष्टात एवढा फरक पाडणारं दुसरं काम नाही. वर टायरला जागा मिळते ती वेगळीच, आणि गाडी खाली घेतल्यावर ती लागतेच.

काचेचं तसंच. १ मिलिमीटर जाडीची पारदर्शक काच म्हणजे २४ मिलिमीटरची काच. बँकेच्या रोकड गाडीलाही एवढी शोभेल. पुढची खरी काच ५ मिलिमीटरच्या आसपास असते. काचेच्या तुकड्याच्या फक्त कडा काळ्या मार्करनं रंगवा. जाडी दाखवतं ते कडेत अडकणारं पांढरं तेज, ते नाहीसं होतं. काच चिकटवायला फेव्हिकॉलसारखा पांढरा डिंक वापरा. फेव्हिक्विकच्या जातीच्या डिंकाची वाफ काचेवर धुकं धरते आणि ते पॉलिश केल्याशिवाय जात नाही.

मग दारांच्या रेघा. खऱ्या गाडीत दार आणि बॉडीमधली फट ४ मिलिमीटरच्या घरात असते, मॉडेलमध्ये ०.१७. साच्यात एवढी बारीक रेघ उतरवणं अवघड, म्हणून किटमध्ये ती बरेचदा ०.४ च्या आसपास असते, म्हणजे खऱ्या मापात जवळपास १ सेंटिमीटर. ती अरुंद करता येत नाही. खोल मात्र करता येते, आणि खोल झाली की ती रंगानं बुजत नाही. कटरच्या पात्याची पाठ रेघेतून हलक्या हातानं चार-सहा वेळा ओढा. एकदम जोर लावला की पातं घसरतं आणि दारावर ओरखडा येतो. रंगानंतर रेघ भरताना काळा रंग टाळा. पांढऱ्या गाडीला करडा, लाल गाडीला गडद तपकिरी. पांढऱ्या गाडीवर काळ्या रेघा ओढल्या की ती वहीत पेनानं काढलेली गाडी होते, आणि ही खोड अनुभवी हातांनाही सुटत नाही.

आणि रंग. प्रायमर, रंगाचे तीन हात, वर क्लिअर लॅकर, असे मिळून ०.१५ मिलिमीटर सहज होतात. २४ पट केलं की साडेतीन मिलिमीटरहून जास्त. साडेतीन मिलिमीटर जाड लेपाखाली लोगो, दाराचे हँडल, वायपरचे खाचे, पन्हाळीच्या रेघा सगळं गुडगुडीत होतं. मोजमापाला धक्का लागलेला नसतो आणि गाडी साबणाच्या वडीतून कोरल्यासारखी दिसते. गॅरेजमध्ये डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडून मॉडेल रंगवून घेणारे आहेत. रंग अगदी कोडप्रमाणं मिळतो, हे खरं. पण त्याची रंग फवारायची गन खऱ्या बॉनेटसाठी असते आणि तो सवयीनं तेवढाच माल सोडतो. शिवाय मेटॅलिक रंगातला कण: ३० मायक्रॉनचा, म्हणजे ०.०३ मिलिमीटरचा कण धरला तर खऱ्या मापात तो पाऊण मिलिमीटरचा होतो. गाडी रुपेरी न दिसता भुरभुरीत दिसते. मेटॅलिकसाठी मॉडेलचाच रंग घ्यावा, साधे सपाट रंग गॅरेजमधून मिसळून आणले तरी चालतील. मात्र उघड्या प्लॅस्टिकवर गॅरेजचं किंवा हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर थेट गेलं तर पृष्ठभाग चरचरून खडबडीत होतो. मॉडेलच्या प्रायमरचे पातळ थर आधी हवेतच.

क्रोमवर थोडक्यात. किटमधलं क्रोम आरशासारखं लख्ख असतं, त्याखाली आणखी एक लाखेचा थर असतो आणि फ्रेमवरून तोडल्या जागी ते उडालेलं असतं. जुन्या गाडीच्या बंपरला ते शोभत नाही. घरच्या ब्लीचमध्ये भाग बुडवून ठेवला की ते उतरतं. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, ब्लीचमध्ये ॲसिड किंवा दुसरं काही मिसळू नका. मग काळ्या चकचकीत रंगावर चांगला क्रोम रंग मारा.

आपल्याकडचं ऊन, आपल्याकडचं पाणी

इतरांनी सांगितलेल्या युक्त्या परभणी-नांदेडकडं जशाच्या तशा लागू होत नाहीत. थंड देशात २५ अंशांचं गणित धरून लिहिलेलं असतं. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी पारा चाळिशीच्या वर. गनमधून निघालेला थेंब गाडीवर पडेपर्यंत निम्मा वाळतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. मग लोक तो झाकायला आणखी रंग मारतात आणि वरची साडेतीन मिलिमीटरची कथा सुरू होते. उन्हाळ्यात रंगाचं काम पहाटे, ऊन चढायच्या आत. थिनर थोडं जास्त, शक्य असेल तर उशिरा उडणारं, आणि गन नेहमीपेक्षा जवळ. स्प्रेचा डबा उन्हात किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका, आतला दाब वाढतो.

कूलर हा आपल्याकडचा खास गुन्हेगार. खोलीत कूलर चालू असेल तर हवा ओली असते, आणि वाळतं लॅकर त्या ओलाव्यानं पांढुरकं पडतं. पावसाळ्यात हे होतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण मेमध्ये पांढरी झाक आली की रंगाला नाव ठेवलं जातं. रंग मारताना आणि पुढचा तासभर कूलर बंद. झाक आलीच असेल तर घासायची घाई नको. हवा कोरडी झाल्यावर उशिरा उडणाऱ्या थिनरचा अगदी हलका फवारा दिला की बरेचदा ती निघून जाते.

पाणी. डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून सरकवायची ती चित्रं, बोअरच्या पाण्यात भिजवू नका. आपल्या काळ्या खडकातलं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. वाळलं की भांड्याला जो पांढरा थर धरतो तोच डेकलखाली धरतो, आणि वर लॅकर बसलं की तो कायमचा. बॅटरीच्या दुकानात किंवा पेट्रोलपंपावर मिळणारं डिस्टिल्ड पाणी आणा, एक बाटली कितीतरी गाड्यांना पुरते. मागताना बॅटरीचं पाणी म्हणा, ॲसिड नको हे स्पष्ट सांगा. डेकलखाली चंदेरी चमक राहत असेल तर तो पाण्याचा दोष नाही. खालचा रंग खरबरीत आहे, आणि खळग्यांत हवा अडकलीय. आधी चकचकीत क्लिअरचा थर, मग डेकल.

किट खरंच चुकलंय का

इथपर्यंत येऊनही समाधान नसेल तर आता किटवर संशय घ्यायला हरकत नाही. किटं चुकतात. साचा उघडताना भाग अडकता कामा नये म्हणून भिंतींना थोडा उतार द्यावा लागतो, आत वळलेल्या बाजू सरळ होतात. आकार नजरेला पटावा म्हणून आरेखकांनी थोडा फेरफार करणं या धंद्यात नवं नाही. तामियानं १/१२ पोर्शे ९३४ साठी चक्क एक पोर्शे ९११ विकत घेऊन सुटी केली होती. ते किट १९७६ चं. त्याच काळात कित्येक किटं फोटो आणि माहितीपत्रकं बघून बनत होती. डब्यावर नवं चित्र असलं तरी साचा कोणत्या दशकातला आहे, हे खरेदीआधी शोधावं.

पण बरेचदा चूक किटची नसते, आपण भलतीच गाडी मागवलेली असते. जिप्सीचं उदाहरण घ्या. आपल्याकडं पोलिसांत, सैन्यात दिसलेली जिप्सी बनवायची म्हणून हासेगावा कंपनीचं सुझुकी जिम्नी जेए-११ चं किट घेतात. जिम्नीचा व्हीलबेस २०३० मिलिमीटर, जिप्सीचा २३७५. १/२४ मध्ये १४ मिलिमीटरहून जास्त फरक. शिवाय ती जिम्नी जपानच्या छोट्या गाड्यांच्या नियमात बसवलेली, १४०० मिलिमीटरच्या आतल्या रुंदीची; जिप्सी त्याहून रुंद. किट अचूक आहे, जिम्नीसाठी. तिची जिप्सी करायची तर मागची बाजू कापून लांबवावी लागेल, आणि ते काम अंगात रग असलेल्यानंच हाती घ्यावं.

उलट, संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला बनलेली गाडी दारात उभी असणाऱ्यांची चैन आहे. २००१ पासून तिथं स्कोडा बनतात. बेलकिट्स कंपनीचं फाबिया एस २००० किट घेतलं, जिच्यात बसून गौरव गिल या रॅली ड्रायव्हरनं २०१३ मध्ये आशिया-पॅसिफिक रॅलीचं विजेतेपद मिळवलं त्या जातीची गाडी, तर मूळ फाबियाचं छप्पर, दारं, काचा मोजायला संभाजीनगरच्या एखाद्या पार्किंगमध्ये जुनी गाडी शोधता येईल. रॅलीच्या गाडीची मडगार्डं आणि बंपर वेगळे असतात, तिथं फोटोच हवेत. मालकाला आधी विचारा. अनोळखी माणूस टेप घेऊन दुसऱ्याच्या गाडीखाली वाकला की काय होतं, ते सांगायला नको. विचारलं तर मात्र लोक चहाही पाजतात आणि स्वतः टेपचं दुसरं टोक धरतात. घ्यायची मापं मोजकीच: व्हीलबेस, जमिनीपासून कमानीपर्यंतची उंची पुढं आणि मागं, टायरवरचा आकडा, जमिनीपासून छपरापर्यंत. मग दहा पावलं मागं जाऊन बाजूनं, समोरून, मागून झूम करून फोटो.

मापं हाती आल्यावर काय दुरुस्त करायचं, यावर माझं मत ठाम आहे. छपराची गोलाई, बॉनेटची लांबी, काचेचा तिरपेपणा चुकला असेल तर त्याच्या नादी लागू नका. एक खांब कापला की काच, दार, डॅशबोर्ड सगळं पुन्हा करावं लागतं. चाकं, उंची, कडा, रेघा दुरुस्त करा आणि किट तसंच जाऊ द्या. छपराच्या अर्ध्या मिलिमीटरवर वाद घालणारे भेटतील. त्यांच्या शोकेसमधली गाडी काचेवर ठेवून कागदाची पट्टी फिरवायला सांगा.

टायर रिमला खातंय

हे आकाराचं दुखणं नाही, पण वर्षभरानं येऊन सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवतं. टायरचं विनाइल मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट द्रव्य मिसळलेलं असतं. ते हळूहळू बाहेर झिरपतं आणि ज्या पॉलिस्टायरीनला टेकलेलं असेल त्याला वितळवतं. रिमला खाच पडते, गाडी एका बाजूला कलते, शोकेसची फळी प्लॅस्टिकची असेल तर तिलाही डाग पडतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे लवकर होतं, पश्चिमेकडच्या भिंतीला लागून शोकेस असेल तर आणखी लवकर. रिमच्या बाहेरच्या घेराला रंगाचा थर देऊन तो पूर्ण वाळू द्या, किंवा रिम आणि टायरमध्ये स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलची पट्टी गुंडाळा. टायरखाली काच ठेवा. न जोडलेल्या किटांचे डबेही उघडा आणि टायर वेगळ्या पिशवीत काढून ठेवा. कारखान्यातून ते बरेचदा काचांच्या फ्रेमलाच चिकटून आलेले असतात, आणि खाच पडलेल्या काचेला उपाय नाही.